आई स्केटर होती, आता मुलगी शिकणार: कोणी शिकवायचं आणि कुठल्या बुटात?

फोंड्याहून एका ताईंनी विचारलंय. शाळा-कॉलेजात त्या चार चाकांच्या स्केट्सवर आर्टिस्टिक, म्हणजे उड्या-गिरक्यांचं, स्केटिंग करायच्या, राज्यस्पर्धांपर्यंत गेल्या. आता मुलगी सात वर्षांची आहे, आईचे जुने फोटो बघून तीही हट्ट धरून बसलीय. घरात तिच्या मावसभावाचे वापरलेले स्केट्स आहेत. प्रश्न तीन: मीच शिकवू का, ते स्केट्स चालतील का, आणि बर्फावर न्यायचं तर कधी. शेवटी जाता जाता लिहिलंय, "सासूबाई म्हणतात तिच्या रक्तातच आहे. तुम्हाला काय वाटतं?"

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

सासूबाईंच्या बाजूने बोलायचं तर पुरावा जोरदार आहे. मार्च २०२५ मध्ये बोस्टनला झालेल्या जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धेत पुरुषांत पहिला आला अमेरिकेचा इलिया मालिनिन, दुसरा कझाकस्तानचा मिखाईल शाइदोरोव्ह आणि तिसरा जपानचा युमा कागियामा. तिघेही स्केटरांची मुलं. मालिनिनचे आईवडील, तात्याना मालिनिना आणि रोमान स्कोर्न्याकोव्ह, दोघंही उझबेकिस्तानकडून खेळले. आईने १९९९ साली पहिलीवहिली फोर कॉन्टिनेन्ट्स (युरोपबाहेरच्या देशांची) स्पर्धा जिंकली होती, आजोबाही कोच. कागियामाचे वडील मासाकाझू १९९२ आणि १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकला उतरले होते. शाइदोरोव्हचे वडीलही कझाकस्तानचे जुने स्केटर.

पण ही यादी आपण पोडियमवरून खाली वाचतोय. ज्या स्केटरांच्या मुलांनी दोन वर्षांत बूट माळ्यावर टाकले आणि फुटबॉल किंवा तबला धरला, त्यांची यादी कोणी छापत नाही, आणि ती फार मोठी असणार. शरीराची ठेवण थोडीफार घरातून येते हे खरं: उंची, कमरेची रुंदी, सांध्यांचा सैलपणा. पण सातव्या वर्षी त्यातलं काहीच धड दिसत नाही. या वयाची मुलं हलकी असतात, जवळपास सगळीच गिरकी छान घेतात. खरं चित्र वाढीचा जोर येऊन गेल्यावर कळतं, मुलींच्या बाबतीत साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी. तोवर "रक्तात आहे" हे वाक्य मुलीच्या कानावर पडू देऊ नका. पहिली उडी फसली की तिला वाटेल रक्तच कमी पडलं.

स्केटर आईकडून मुलीला खरोखर मिळतं ते वेगळंच. एक म्हणजे डोळा. दुसरा, आणि माझ्या मते जास्त मोलाचा, कान. चाकं एजवर, म्हणजे बूट आत किंवा बाहेर कलवून वळणात, नीट धावत असली की एकसारखी घरघर येते, घसरली की खरवडल्यासारखा आवाज येतो. उडी उतरताना एकच "ठक" यायला हवा. "ठक-खर्र" आलं तर फेरी अपुरी राहिली आणि उरलेली जमिनीवर पूर्ण केली. हे ऐकू यायला बाहेरच्या पालकाला तीन-चार वर्षं लागतात, तुम्हाला पहिल्या दिवशी येतं. तिसरं, सामान घेताना तुम्ही फसत नाही. ही तीन कामं तुम्ही घ्या. चौथं काम, म्हणजे रिंकवर उभं राहून चुका काढणं, ते किती दिवस तुमच्याकडे ठेवायचं हा खरा प्रश्न आहे.

वरच्या तिन्ही घरांनी याचं उत्तर तीन तऱ्हांनी दिलंय. मालिनिनला आईवडील स्वतः शिकवतात, पण जोडीला कोच राफाएल अरुत्युन्यान आहेत. कागियामाचे मुख्य कोच वडीलच, पण २०२३ पासून इटलीची माजी विश्वविजेती कारोलिना कोस्टनर सोबत आली. शाइदोरोव्ह १९९४ चे ऑलिंपिक विजेते अलेक्सेई उर्मानोव्ह यांच्याकडे शिकतो. म्हणजे "पालकाने शिकवूच नये" हा नियम खोटा, आणि "आपणच पुरे" हाही खोटा. मालिनिनने सप्टेंबर २०२२ मध्ये लेक प्लॅसिडला साडेचार फेऱ्यांची ॲक्सेल उडी उतरवली, ती त्याआधी जगात कोणीच स्पर्धेत उतरवली नव्हती. आईबापांच्या अनुभवाला कुठेतरी हद्द असतेच.

तुमच्या बाबतीत हे दोन गोष्टींवर ठरेल. पहिली, जवळ आर्टिस्टिक शिकवणारं कोणी आहे का. आपल्याकडे स्केटिंगचा क्लास म्हटला की बऱ्याच ठिकाणी स्पीड स्केटिंग असतं. तोल, पडायची पद्धत, थांबणं यासाठी तो क्लास पहिले सहा महिने उत्तम. पण स्पीडमध्ये कमरेत वाकून पुढे झुकायची सवय लागते, आर्टिस्टिकमध्ये पाठ सरळ ठेवून फक्त गुडघा आणि घोटा वाकवायचा असतो. ती सवय पक्की व्हायच्या आत दिशा बदला. पणजीला किंवा मडगावला न्यायचं तर फोंड्याहून एका फेरीत पाऊण तास सहज जातो, तेव्हा आठवड्यातून एकदा कोच आणि दोनदा तुम्ही ही विभागणी व्यवहारी आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या दोघींचं जमतं कसं ही. ते इथे बसून मला कळणार नाही. पण एक खूण सांगतो: प्रत्येक प्रयत्नानंतर मुलगी स्वतःच्या पायांकडे न बघता आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागली, की रिंकवरचं शिकवणं दुसऱ्याकडे सोपवायची वेळ झाली.

माझा सल्ला असा. पहिलं दीड वर्ष तुम्ही शिकवायला हरकत नाही: पुढे-मागे जाणं, चारही एज (पुढे-मागे, आत-बाहेर), थ्री-टर्न (एका पायावर पुढून मागे वळणं), दोन पायांवरची आणि मग एका पायावरची गिरकी, वॉल्ट्झ जंप (अर्ध्या फेरीची उडी), सॅल्को आणि टो-लूप या एका फेरीच्या उड्या. ॲक्सेल सुरू होताना मात्र कोच हवाच. ती पुढे तोंड करून घेतलेली दीड फेरीची उडी आहे. त्यात खांदा आधीच फिरवायची खोड लागली की तीच पुढे सगळ्या दुहेरी उड्यांत उतरते आणि मग काढताना वर्ष जातं. शिवाय तुमच्या काळची गुणपद्धत आता राहिलेली नाही. रोलआर्ट या आताच्या पद्धतीत प्रत्येक उडीची फेरी मोजली जाते, अपुरी असेल तर किंमत घसरते, गिरक्यांना लेव्हल असते. तुमच्या वेळी टाळ्या घेणारी पोझ आज फारसं काही मिळवून देत नाही.

स्वतः शिकवणार असाल तर एकटीला शिकवू नका. आळीतली, शाळेतली चार-पाच मुलं गोळा करा. घोळक्यात आपल्या मुलीला इतरांइतक्याच वेळा टोका, जास्त नाही, कमी पण नाही. एका सत्रात एकच दुरुस्ती. आज गुडघा तर गुडघा, हात कितीही वाकडे गेले तरी आज त्यावर बोलायचं नाही. आणि स्केट्स काढले की विषय बंद, गाडीत तर अजिबात नाही.

आता एक गोष्ट जी स्केटरांच्या घरातच बिघडते, बाहेरच्या मुलांत सहसा नाही: फिरायची दिशा. बहुतेक स्केटर घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे डावीकडे फिरतात आणि उजव्या पायावर उतरतात. काही जण उलटे असतात. आई समोर उभी राहून करून दाखवते, मुलगी आरशातल्यासारखी नक्कल करते आणि तिची दिशा नकळत आईच्या उलट होते. किंवा ती मुळात उजवीकडे फिरणारी असते आणि आई आपल्या सवयीने तिला डावीकडे वळवते. दोन्हीकडे नुकसान दोन-तीन वर्षांनी दिसतं, फेऱ्या वाढायला लागल्या की.

दिशा अशी तपासा. स्केट्स नकोत, अनवाणी, अंगणात किंवा हॉलमध्ये. तुम्ही तिच्या मागे उभ्या राहा, समोर नको, आणि काहीही करून दाखवू नका. "हात छातीशी धर आणि उडी मारून मागे तोंड कर" एवढंच सांगा. ती कुठल्या बाजूने वळते ते लिहून ठेवा. दहा उड्या, मग आठवडाभराने पुन्हा दहा. वीसपैकी पंधरा-सोळा एका बाजूला गेल्या तर तीच तिची दिशा. अर्धी-अर्धी आली तर एका पायावर उभं करून बघा: ज्या पायावर जास्त स्थिर उभी राहते त्यावर उतरवा, दिशा त्यावरून ठरते. उजव्या हाताने लिहिते म्हणून डावीकडे फिरेल हा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो, पण नेहमी नाही. तुमची आणि तिची दिशा वेगळी निघाली तर उजवा-डावा हे शब्द शिकवताना टाळा. "उतरायचा पाय" आणि "मोकळा पाय" म्हणा. नाहीतर तुमच्या तोंडून सवयीने चुकीचा पाय येणार आणि ती तो ऐकणार.

बुटांवर थोडा वेळ घालवतो, कारण नातेवाइकांकडून खाली येणाऱ्या स्केट्समुळेच माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त मुलं अडकतात. मुलगा वापरायचा म्हणजे बूट मुळात चुकीचे असं नाही. तपासा एवढंच.

बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाचेची मधली रेघ उभी सरळ हवी. बूट आत कलला असेल तर आधीच्या मुलाने घोटा आत टाकून चालवलाय आणि चामडं त्याच आकारात बसलंय, ते तुमच्या मुलीचाही घोटा आत टाकणार. मग घोट्याच्या जागी दोन्ही अंगठ्यांनी आत दाबा. कागदासारखी घडी पडली तर बूट संपला, पॉलिश कितीही चमको. आतली इनसोल काढून बघा: टाचेचा तळ काळा पडलाय का, स्क्रूंना गंज चढून भोवतीचं भुसभुशीत झालंय का. आपल्या दमट हवेत हे फार होतं, आणि असा स्क्रू उडी उतरताना उपटतो.

मापासाठी हीच काढलेली इनसोल जमिनीवर ठेवा आणि मुलीला पातळ मोजा घालून तिच्यावर संध्याकाळी उभं करा, पाय दिवसभरात थोडा फुगतो म्हणून. टाच मागच्या कडेला टेकवून पुढे पाच ते सात मिलिमीटर जागा उरली तर ठीक. सेंटिमीटरभर उरली तर "वर्षभरात होईल" म्हणून मोजे चढवू नका. टाच आत उचलली जाते, पाय पुढे सरकतो, फोड येतात, आणि ती लेस इतकी आवळते की घोटा वाकतच नाही. घोटा न वाकता उडीच निघत नाही.

मग खालची बाजू. ट्रकमधली (चाकांचा आस धरणारा आणि बूट कलला की वळणारा भाग) रबराची कुशन बघा. तडे गेले असतील किंवा नखाने दाबल्यावर दगडासारखी लागत असतील तर बदला, स्वस्तातलं काम आहे. चाळीस किलोच्या मुलासाठी आवळलेले ट्रक बावीस किलोच्या मुलीच्या वजनाला हलतच नाहीत. मग एज निघत नाही, आणि ती एज काढण्यासाठी कमरेतून वाकते. पालक म्हणतात, "वाकडी उभी राहते." ती वाकडी नाही, ट्रक घट्ट आहे. तिला कठड्याला धरून एका पायावर उभं करा आणि हळूच कलायला सांगा. बूट कलला की ट्रकही वळलेला दिसायला हवा. नसेल वळत तर पुढचा आणि मागचा दोन्ही नट एकेक पाव फेरा सैल करा, लॉकनट पुन्हा कसा, परत बघा. पुढचा-मागचा सारखा ठेवा. बुटाखालची प्लेट सरळ जातानाच थरथरायला लागली तर एक पाव फेरा जास्त झाला.

बेअरिंगचा एक सापळा. रोलर स्केट्सच्या चाकाचा आस आठ मिलिमीटरचा असतो किंवा सातचा. ६०८ नंबरचं बेअरिंग आठच्या आसाला, ६२७ नंबरचं सातच्या. दोघांचा बाहेरचा व्यास बावीस मिलिमीटरच, त्यामुळे चुकीचं बेअरिंग चाकात छान बसतं आणि दुकानात कोणाच्या लक्षात येत नाही. सातच्या आसावर आठचं बसलं की चाक डुगडुगतं आणि गिरकीत पाय निसटतो. नवीन घेताना जुनं बेअरिंग हातात घेऊन जा, कडेला नंबर छापलेला असतो.

चाकं जमिनीप्रमाणे बदलतात. शाळेच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर, उघड्यावर शिकवणार असाल तर ८० ते ८५ ए कडकपणाची मऊ चाकं. इनडोअर हॉलमध्ये ९२ ए किंवा त्याहून कडक. गुळगुळीत लादीवर कडक चाकं घसरतात, तिथे पुन्हा थोडी मऊ. बास्केटबॉलचं पूर्ण कोर्ट २८ बाय १५ मीटर असतं, पहिल्या दोन वर्षांना पुरे. मंडपात किंवा सभागृहात परवानगी काढून शिकवणारेही बघतो मी, पण खांबांमधून मागे जायला शिकवू नका. मागे जाताना मुलं वळून बघत नाहीत.

पाऊस हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. जून ते सप्टेंबर उघडं कोर्ट विसरा. वरवर वाळलेल्या सिमेंटवरही शेवाळाचा पातळ थर राहतो, आणि तिथे पडलेलं मूल पुढचे दोन महिने एज टाकायला घाबरतं. हे चार महिने घरात काढा: दोरीच्या उड्या, अनवाणी एका पायावर उतरायचा सराव, भिंतीला पाठ लावून हात-खांद्याची ठेवण, मोकळा पाय मागे ताणून दहा-दहा सेकंद. रोज वीस मिनिटं पुरतात. चवथीनंतर कोर्ट वाळलं की अशी मुलं इतरांच्या पुढे असतात, मागे नाही. बूट मात्र आठवड्यातून दोनदा कपाटाबाहेर काढा, इनसोल वेगळी ठेवा, आत वर्तमानपत्र कोंबा. उन्हात ठेवू नका, चामडं तडकतं. बेअरिंग भिजली तर त्याच दिवशी काढून पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या.

किती वेळ शिकवायचं? स्केटर पालकांची इथे हमखास घाई होते, कारण आपण उशिरा सुरू केलं ही खंत त्यांच्या मनात असते. साधा हिशेब: आठवड्याचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, म्हणजे सात वर्षांच्या मुलीला सातच्या आत. प्रत्यक्षात पाऊण-पाऊण तासाची तीन सत्रं या वयाला खूप झाली. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंची मोजा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढली तर उड्या निम्म्यावर आणा, गिरक्या आणि एज वाढवा. गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा किंवा टाचेचा मागचा भाग दुखतो म्हणाली तर उड्या बंद आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. "आमच्या वेळी बाम लावून खेळायचो" हे वाढत्या हाडाला लागू नाही. बर्फावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही सीनियर गटाचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेलं, २०२४-२५ च्या हंगामापासून ते लागू आहे. घाईला आता बक्षीसही कमी आहे.

धाकटं भावंड असेल तर त्याच्याबद्दल एवढंच: त्याला कठड्याबाहेर नुसतं बसवून ठेवू नका. जपानचा ऑलिंपिक विजेता युझुरू हान्यू मोठ्या बहिणीच्या मागे लागूनच रिंकवर गेला. अमेरिकेच्या हेस आणि डेव्हिड जेन्किन्स या भावांनी १९५६ आणि १९६० ची ऑलिंपिक सुवर्णपदकं घरात आणली. धाकटं पोर बघून बघून बरंच उचलतं. फक्त बुटांची साखळी त्याच्यापर्यंत जाताना वरची तपासणी पुन्हा करा.

राहिला बर्फ. गोव्यात स्पर्धेच्या मापाची, ६० बाय ३० मीटरची बर्फाची रिंक नाही. जायचं तर गुरुग्राम, किंवा देहरादून, जिथली रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली गेली. म्हणून बर्फ हे सातव्या वर्षीचं उद्दिष्ट ठेवू नका. रोलर आर्टिस्टिक हा बर्फाचा दुय्यम पर्यायही नाही. अनुप यामाने २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये यातच दोन ब्राँझ मिळवली, एक एकट्याने आणि एक अवनी पांचाळसोबत जोडीत. दहा-अकराव्या वर्षी, एका फेरीच्या सगळ्या उड्या स्थिर झाल्यावर, सुट्टीत आठ-दहा दिवस बर्फावर न्या. पहिले तीन-चार तास उड्या नाहीत. बर्फाच्या बुटाची पाती तळाला बाकदार असते, त्यामुळे तोल पंजाच्या मागे-पुढे इतका सरकतो की चाकांवर ठाम उभं राहणारं मूल सुरुवातीला डुलतं. टो-स्टॉपवर (चाकांच्या बुटाच्या पुढच्या रबरी गट्टूवर) जोर द्यायची सवय असलेली मुलं पातीच्या दातांवर अडखळून तोंडावर पडतात. आधी थांबणं, मग एज, मग थ्री-टर्न, त्यानंतर वॉल्ट्झ जंप. आणि परतल्यावर पहिल्या सत्रात ट्रक तिला अचानक घट्ट वाटतील. त्यांना हात लावू नका, दोन दिवसांत पाय पुन्हा सरावतो.

मावसभावाच्या बुटांचा मागून काढलेला फोटो, मुलीचं वजन आणि इनसोलवर पुढे उरणारी जागा मिलिमीटरमध्ये इथेच टाका. बूट ठेवायचे की नवे घ्यायचे ते त्यावरून सांगतो.